भिंतीआड अडलेली रेंज

कोकणात किंवा घाटमाथ्याच्या आसपासच्या गावांत बऱ्याच घरी मोबाइल ठेवण्याची जागा ठरलेली असते. कुणाकडे ती पडवीच्या कठड्यावर असते, कुणाकडे ओटीवरच्या खिडकीत. फोन वाजला की घरातले माणूस हातातले काम टाकून तिथे जाते, "आवाज तुटतोय रे, थांब, बाहेर येते," असे सांगत अंगणात उतरते आणि पाऊस असेल तर छत्री धरून बोलते. मुंबई-पुण्यातल्या मुलांनाही याची इतकी सवय झालेली असते की फोन लागला नाही तर 'रेंज नसेल' म्हणून ती अर्ध्या तासाने पुन्हा लावतात. शहरातही उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, आतल्या खोल्यांत आणि तळघरातल्या दुकानांत फोन कट होणे रोजचेच आहे.

यांतल्या पुष्कळ घरांत आता फायबरचे इंटरनेट आले आहे. टीव्हीवर मालिका लागतात, मुलांचे क्लास होतात, व्हिडिओ कॉलवर नातवंडे दिसतात; साधा फोन मात्र लागत नाही. या अडचणीवरचा एक उपाय अनेकांच्या फोनमध्ये आधीपासून असतो आणि बऱ्याचदा तो बंद ठेवलेला असतो. त्याचे नाव वायफाय कॉलिंग. तो वापरावा हे तर खरेच. पण तो कसा चालतो आणि कुठे दगा देतो, हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

आधी मूळ दुखणे पाहू. मोबाइलचा सिग्नल म्हणजे रेडिओ लहरी. भारतात त्यांच्यासाठी वेगवेगळे पट्टे वापरले जातात: ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे खालचे, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे मधले, तर ५-जीचा एक प्रमुख पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. साधारण नियम असा की पट्टा जितका वरचा, तितकी माहिती जास्त वाहून नेता येते, पण लहर लवकर क्षीण होते आणि भिंतीतून कमी आत शिरते. जुन्या २-जी फोनला कोपऱ्यातल्या खोलीतही मिळणारी रेंज नव्या फोनला तिथे मिळत नाही, याचे एक कारण हेच आहे.

दुसरे कारण घराच्या बांधकामात आहे. जांभ्या दगडाची दीड फुटी भिंत, आरसीसीचा स्लॅब, पत्र्याचे छप्पर, नव्या कार्यालयांच्या काचांवरचा धातूचा पातळ लेप, हे सगळे लहरी अडवतात. काँक्रीटची एक भिंत ओलांडताना सिग्नलची शक्ती दहापट ते शंभरपट घटू शकते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस' उघडले तर ही शक्ती उणे आकड्यात दिसते. अंगणात उणे ८५ असलेला आकडा माजघरात उणे ११० झाला, तर फरक २५ चा दिसतो. पण या मोजमापात दर दहा अंकांना दहापट घट होते. म्हणजे अंगणाच्या तुलनेत माजघरात तीनशेव्या हिश्श्याइतकीच शक्ती उरली. उणे ११० च्या खाली बोलणे तुटू लागते.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. टॉवरवरची यंत्रणा कित्येक वॅट शक्तीने बोलते. खिशातल्या फोनची कमाल शक्ती मात्र साधारण ०.२ वॅट. म्हणून टॉवरचे म्हणणे फोनपर्यंत पोहोचते, फोनचे म्हणणे टॉवरपर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर दोन कांड्या दिसत असताना 'मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं येत नाही का?' असा संवाद घडतो तो यामुळे. टॉवरला गाठण्यासाठी फोन सतत कमाल शक्ती लावत राहतो, तापतो, आणि शहरात दिवसभर पुरणारी बॅटरी गावी दुपारीच उतरते. बॅटरी खराब झाली असे समजून ती बदलणारे कितीतरी आहेत.

वायफाय कॉलिंगमध्ये फोन हा टॉवरचा टप्पाच वगळतो. तो घरातल्या वायफायवरून, इंटरनेटच्या वाटेने, मोबाइल कंपनीच्या एका खास प्रवेशद्वाराशी संपर्क साधतो. तांत्रिक भाषेत या दाराला ईपीडीजी म्हणतात. सिम कार्डात जपलेल्या गुप्त किल्लीच्या आधारे दोन्ही बाजू एकमेकांची ओळख पटवतात आणि मग फोन व कंपनी यांच्यामध्ये सांकेतिक लिपीत बंदिस्त असा एक मार्ग तयार होतो. याला आयपीसेक बोगदा म्हणतात. दाराच्या पलीकडे कॉल ज्या यंत्रणेकडे जातो, तीच यंत्रणा ४-जीवरचे 'व्होल्टी' कॉलही हाताळते. त्यामुळे समोरच्याला तुमचा नेहमीचा नंबरच दिसतो. तुम्ही टॉवरवरून बोलत आहात की वायफायवरून, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते.

व्हॉट्सॲपवरच्या कॉलपेक्षा हे वेगळे आहे आणि हा फरक महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲप कॉलसाठी दोन्ही टोकांना ते ॲप आणि इंटरनेट लागते. तालुक्याच्या दवाखान्याचा लँडलाइन, वीज मंडळाचे तक्रार केंद्र, बँकेची हेल्पलाइन, बटणांचा फोन वापरणारा शेजारी, यांपैकी कुणाला त्यावरून गाठता येत नाही. उलट बाजूनेही तसेच. तुमचा नंबर फिरवणाऱ्या माणसाला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' हेच उत्तर मिळते. वायफाय कॉलिंगमध्ये तुमचा नंबर लागतो, येणारा फोन वाजतो. अनेक ठिकाणी साधे एसएमएसही याच वाटेने येतात. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, गॅस सिलिंडर आल्यावर द्यावा लागणारा कोड, असे सगळे व्यवहार आज एसएमएसवर टांगलेले असताना रेंज नसणे म्हणजे केवळ गप्पांना मुकणे राहिलेले नाही.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने २००७ मध्येच घरच्या वायफायवरून मोबाइल कॉल देण्याची सेवा सुरू केली होती, पण त्यासाठी खास हँडसेट लागत. २०१४ मध्ये आयफोनमध्ये ही सोय आली आणि ती सर्वसामान्य झाली. भारतात नियमांची वाट मोकळी व्हायला वेळ लागला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेटवरच्या दूरध्वनी सेवेबाबत शिफारशी केल्या. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचा त्यांना विरोध होता. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत त्याप्रमाणे बदल केले. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरात, प्रथम स्वतःच्याच ब्रॉडबँडवर, सेवा सुरू केली. जिओची जानेवारी २०२० मध्ये देशभर आली, व्होडाफोन-आयडियाची त्या वर्षाच्या अखेरीस. बीएसएनएलच्या ग्राहकांना मात्र २०२६ उजाडेपर्यंत थांबावे लागले. दुर्गम भागात पुष्कळ ठिकाणी बीएसएनएलचेच सिम चालते, म्हणून हा उशीर अधिक खटकतो.

देशातल्या देशात यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. कॉल तुमच्या नेहमीच्या प्लॅनमध्येच मोजला जातो आणि ब्रॉडबँडचा खर्च मिनिटाला सुमारे एक एमबी, म्हणजे नगण्य. परदेशात गेल्यावर मात्र प्रत्येक कंपनीचे नियम निराळे आहेत. कुठे रोमिंग पॅक लागतो, कुठे भारतात केलेल्या आणि स्थानिक कॉलना वेगळे दर लागतात. मुलांकडे अमेरिकेला किंवा आखातात निघालेल्या आईवडिलांनी निघण्यापूर्वीच आपल्या कंपनीला हे विचारून घ्यावे.

सोय सुरू करणे अवघड नाही. अँड्रॉइडमध्ये सिम किंवा मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगखाली, आयफोनमध्ये मोबाइल सेवेच्या सेटिंगखाली 'वाय-फाय कॉलिंग' असा पर्याय सापडतो. दोन सिम असतील तर तो दोन्हींसाठी वेगळा चालू करावा लागतो. बटणांच्या साध्या फोनवर ही सोय सहसा नसते. ती खरोखर चालते आहे का, हे पाहण्याची साधी रीत अशी: फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, मग फक्त वायफाय चालू करावे आणि एखाद्या लँडलाइनला फोन लावावा. टॉवरशी संबंध पूर्ण तोडलेला असतानाही फोन लागला, तर सगळे जागेवर आहे. मग दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरवर कॉल करून तो वाजतो का तेही पाहावे. ही दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत.

ती करायला हवी, कारण तक्रारी तिथेच असतात. फोनवर वायफाय कॉलिंगची खूण दिसते, केलेले कॉल लागतात, पण आलेले वाजत नाहीत. याचे कारण अनेकदा राउटरमध्ये किंवा स्थानिक ब्रॉडबँडवाल्याच्या यंत्रणेत असते. फोन आणि कंपनी यांच्यातला तो बंदिस्त मार्ग सतत जिवंत ठेवावा लागतो. मधली उपकरणे काही वेळ हालचाल दिसली नाही की तो मिटवून टाकतात, आणि फोनला त्याचा पत्ता नसतो. काही राउटरांत अशा बोगद्यांना लागणारे ५०० आणि ४५०० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या खिडक्या, अडवलेले असतात. केबलवाल्याला 'नेट स्लो आहे' असे सांगून उपयोग नाही. नेमकी तक्रार सांगितली तर ती सुटू शकते.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. कॉलला १०० एमबीपीएसचा प्लॅन लागत नाही. सेकंदाला १०० किलोबिटांच्या आसपास पुरतात. लागते ती संथ, अखंड धार. आवाजाचे तुकडे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोहोचावेत, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याहून उशीर वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात. घरात कुणी मोठी फाइल चढवत असेल, तर वेग पुरेसा असूनही आवाज अडखळतो.

जी जांभ्याची भिंत टॉवरचा सिग्नल अडवते, ती वायफायचाही अडवते. राउटर बहुधा फायबरची तार जिथून आत आली तिथेच, एका कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे बसवलेला असतो. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंतीपुढे लवकर हरणारा, २.४ गिगाहर्ट्झचा मंद पण आतवर जाणारा. जुन्या घरात बोलण्यासाठी दुसराच बरा. त्याहून बरे म्हणजे तार लांबवून राउटर घराच्या मध्यावर आणणे किंवा मागच्या खोलीत तारेने जोडलेला दुसरा राउटर ठेवणे.

सगळ्यांत त्रासाची जागा म्हणजे उंबरठा. टॉवरची रेंज अगदीच नसेल तर फोन निमूटपणे वायफायवर राहतो. ती एक-दोन कांडी असेल, तर तो दोन्हींमध्ये हेलकावे खात राहतो. काही फोनमध्ये 'वायफायला प्राधान्य' असा पर्याय असतो. अशा घरात तो निवडावा. बोलता बोलता अंगणात गेल्यास कॉल वायफायवरून टॉवरवर सरकवला जातो, पण बाहेर ४-जी असेल तरच. बाहेर फक्त २-जी असेल तर कॉल सहसा तुटतो. म्हणजे वर्षानुवर्षांची अंगणात धावण्याची सवय इथे मोडावी लागते.

आता ज्या मुद्द्यावर हा उपाय खऱ्या अर्थाने तपासला जातो, तो म्हणजे वीज. तांब्याच्या तारेचा जुना लँडलाइन फोन घरातल्या विजेवर चालत नसे. एक्स्चेंजमधून त्याच तारेने ४८ व्होल्टचा प्रवाह येई. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि जनरेटर असे. गावातली वीज गेली तरी फोन चालू असे, कारण तो चालू ठेवण्याची जबाबदारी टेलिफोन खात्याची होती. फायबरची तार काचेची. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातली फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही घरच्या विजेवर चालतात. बत्ती गेली की वायफाय गेले आणि त्यासोबत फोनही.

ज्या गावांना वायफाय कॉलिंगची सर्वांत जास्त गरज, तिथेच पावसाळ्यात वीज सर्वांत जास्त जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीच्या किनारी गावांत वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. घरच्या माणसांची खुशाली कळेना म्हणून मुंबईतले चाकरमानी कासावीस झाले. एवढ्या मोठ्या संकटावर घरगुती तोड नाही. मात्र आषाढातल्या नेहमीच्या चार-सहा तासांच्या अंधारासाठी आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे आहेत का ते पाहावे. दोन्हींना वीज मिळाली तरच उपयोग. आणि स्थानिक केबलवाल्याच्या चौकातल्या पेटीला बॅटरी आहे का, हेही विचारावे. तिथे अंधार असेल तर घरातल्या यूपीएसवर राउटरचे दिवे लुकलुकत राहतील, नेट येणार नाही.

तातडीच्या कॉलचा विचार वेगळा करायला हवा. ११२ वर मोबाइलवरून कॉल गेला की टॉवरवरून जागेचा अंदाज येतो. वायफायवरून केलेल्या कॉलमध्ये हा आधार नसतो. अमेरिकेत म्हणूनच ही सोय सुरू करताना घराचा पत्ता नोंदवून घेतला जातो. अनेक फोन तातडीचा कॉल आधी टॉवरवरून करून पाहतात. तरीही ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावताना तालुका, गाव, वाडी आणि जवळची ठळक खूण स्वतःहून सांगावी, आणि हे घरातल्या वृद्धांनाही शिकवून ठेवावे.

वायफाय कॉलिंगला पर्याय म्हणून 'सिग्नल बूस्टर' विकले जातात, त्यांच्यापासून दूर राहावे. परवानगीशिवाय ते बसवणे बेकायदेशीर आहे. एका घरातला निकृष्ट बूस्टर टॉवरच्या कानात इतका कलकलाट करतो की अवतीभवतीच्या साऱ्यांचे कॉल बिघडतात. दूरसंचार विभागाची पथके असे बूस्टर शोधून काढतात, ते याचसाठी.

इतके सगळे मांडल्यावर प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. वायफाय कॉलिंगमध्ये मोबाइल जाळ्याचा शेवटचा टप्पा ग्राहक स्वतः उभारतो. ब्रॉडबँडचे भाडे तो देतो, राउटर त्याचा, वीज त्याची, यूपीएस त्याचा. मोबाइलचे रिचार्ज मात्र पूर्वीइतकेच राहते. कंपनीच्या टॉवरवरचा भार यात हलका होतो. हा सौदा ग्राहकाला आज सोयीचा आहे, आणि ज्याच्या घरी फायबर आहे त्याने ही सोय आजच सुरू करावी, असेच आमचे मत आहे. पण सोय दिली म्हणजे रेंज देण्याचे कर्तव्य संपले, असा अर्थ कंपन्यांनी काढू नये आणि सरकारने काढू देऊ नये.

तसा अर्थ निघण्याला जागा आहे. परवान्यातल्या जाळे उभारणीच्या अटींत शहर वा विकास गट (ब्लॉक) व्यापला की नाही, हे प्रामुख्याने रस्त्यावरच्या सिग्नलवरून ठरत आले आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना आपापल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले, हे पाऊल चांगलेच. पण नकाशावरचा रंग माजघरातले काही सांगत नाही. त्याच वर्षी ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियमही केले. त्यांचा उपयोग नव्या गृहसंकुलांना होईल. जांभ्याच्या घरात राहणाऱ्याला होणार नाही. कंपन्यांनी वायफायवरून होणाऱ्या कॉलचे प्रमाण आणि त्यांतले तुटलेले कॉल टॉवरनिहाय वेगळे जाहीर करावेत, असा नियम हवा. एखाद्या टॉवरच्या परिसरातले लोक मोठ्या संख्येने वायफायवरून बोलत असतील, तर तिथली रेंज कमी पडते आहे याचा तो थेट पुरावा असेल.

आणि ज्यांच्या घरी ब्रॉडबँड परवडत नाही, त्यांच्यासाठी टॉवर हाच एक मार्ग आहे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ४-जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली. कोकणातले गाव मात्र एका ठिकाणी वसलेले नसते. त्याच्या वाड्या डोंगराच्या दोन अंगांना, ओढ्याच्या पलीकडे, कधी कोस-दीड कोसावर विखुरलेल्या असतात. एका वाडीवर टॉवर उभा राहिला की कागदावर सारा गाव व्यापला जातो आणि मागच्या वाडीचा माणूस पूर्वीसारखाच टेकडी चढून फोन लावतो. गावाऐवजी वाडी हे मोजणीचे एकक धरावे, आणि मोजणी अंगणात नव्हे तर घराच्या आत व्हावी, ही मागणी ग्रामसभांनी ठराव करून जिल्हा प्रशासनापुढे आणि दूरसंचार विभागापुढे मांडायला हवी.